रिठा भिजवण्याआधी पाणी मोजा

आमच्या गल्लीत पाणी आलं की आधी मोटारींचा आवाज येतो. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी घराघरांत दिवे लागतात. पिंप, घागर, कळशी, स्वयंपाकघरातली मोठी पातेली, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं, कारण पुढचे चार-पाच दिवस त्यावरच काढायचे असतात. उजनीतून शंभर किलोमीटरहून लांबून नळाने आणलेलं पाणी, भीमेवरच्या टाकळीचं पाणी, हिप्परग्याच्या एकरूख तलावाचं पाणी, असं तीन ठिकाणांहून येऊनही सोलापूरकराने रोज नळाला पाणी पाहिलेलं नाही. ज्याची टाकी मोठी त्याला हे फारसं जाणवत नाही. दोन पिंपं आणि चार घागरींवर ज्यांचा संसार आहे, त्यांच्या घरात तांब्या-तांब्याचा हिशेब असतो.

हे आधी सांगते, कारण घरच्या घरी शाम्पू, उटणं, भांड्यांचं लिक्विड, फरशीचं औषध करण्याबद्दल इतकं बोललं जातं, पण त्यात पाण्याचा हिशेब कधीच नसतो. बाजारात अमुक रुपये पडतात, घरी तमुक रुपयांत होतं, एवढ्यावर बोलणं संपतं. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि या वस्तू घरी करण्याच्या मी पूर्ण बाजूने आहे. तरीही मोबाईलवर फिरणाऱ्या कृती मला अस्वस्थ करतात. त्या कुठल्या तरी मऊ (कमी क्षारांच्या) पाण्याच्या, थंड हवेच्या, गुळगुळीत टाइल्सच्या घरातून आलेल्या असतात. आपल्या बोअरच्या पाण्यावर, आपल्या शहाबादी फरशीवर, आपल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात आणि दिवसभर विड्या वळणाऱ्या हातांवर त्या कुणी तपासलेल्या नसतात. हे तपासण्याचं काम शहराने मिळून करायला हवं. ते एकेकट्या बाईच्या मोरीत सोडून देणं मला पटत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी घरी एक मोजमाप केलं. एकाच मागावरचे, एकाच दिवशी आणलेले दोन सोलापुरी टॉवेल घेतले, दोन्ही आठ दिवस घरात वापरले. मग एक नेहमीच्या डिटर्जंट पावडरीत भिजवला, दुसरा रिठ्याच्या पाण्यात. दोन्हींना बोअरचंच पाणी, सारखाच वेळ, सारखंच चोळणं. त्यानंतर बादली-बादली घेऊन पाण्यातून काढायला लागले. रिठ्याचा टॉवेल दुसऱ्या बादलीत निवळला. तिसरी घेतली ती खात्रीसाठी. डिटर्जंटच्या टॉवेलला चौथ्या बादलीतही पिळताना बोटांच्या फटींतून फेस येत होता आणि पाचव्या बादलीला मी थांबले. टॉवेलचे सुताचे फासे पाण्यासारखाच फेसही धरून ठेवतात, त्यामुळे फरक टॉवेलवर ठळक दिसला. पातळ साडीवर तो इतका दिसत नाही. रिठ्याच्या टॉवेलवर चहाचा डाग तसाच राहिला आणि टॉवेलला किंचित पिवळट झाक आली, तेही सांगितलं पाहिजे. एका घरातलं हे एक मोजमाप आहे. पण दोन बादल्या वाचणं म्हणजे काय, हे पाण्याच्या चौथ्या दिवशी विचारा.

यामागचं कारण अवघड नाही. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण हा तेल आणि कॉस्टिक यांच्या संयोगातून झालेला पदार्थ. त्याची या क्षारांशी गाठ पडली की न विरघळणारा पांढरट चिकट थर तयार होतो. बादलीच्या कडेला, मोरीच्या फरशीवर, न्हाल्यानंतर केसांवर बसतो तो हाच. साबणाचा बराच भाग पाण्यातल्या क्षारांशी झगडण्यातच संपतो, म्हणून फेस येत नाही, म्हणून आपण आणखी साबण लावतो. डिटर्जंट या क्षारांना पुष्कळ दाद देत नाही, म्हणून तो आपल्याकडे रुजला. पण त्याचा फेस निघता निघत नाही. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. तेही फेस करतं, मळ आणि तेल सोडवतं, पण क्षारांशी जोडलं जाऊन थर धरत नाही. सराफ दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतात, आया-आज्या रेशमी साड्या रिठ्यानेच धूत आल्या. त्यांनी सॅपोनिन हा शब्द ऐकलेला नव्हता, पण जड पाण्यात काय चालतं हे त्यांच्या हातांना माहीत होतं.

मी करते ते असं. मंगळवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून रिठे आणायचे, फोडून बिया काढून टाकायच्या. शंभर ग्रॅम सालींना एक लिटर पाणी, रात्रभर भिजत. सकाळी दहा-पंधरा मिनिटं उकळायचं, हाताने कुस्करून फडक्यातून गाळायचं. डोळ्यांत थेंब जाऊ द्यायचा नाही, फार झोंबतं. थंडीत हे पाणी पाच-सहा दिवस टिकतं. एप्रिल-मेमध्ये दुसऱ्याच दिवशी आंबूस वास येतो, वर बारीक बुडबुडे दिसतात. "महिनाभर टिकेल" असं सांगणाऱ्या कृतींनी आपला उन्हाळा पाहिलेला नसतो. पाणी घातलेली कुठलीही घरगुती वस्तू, मग ती कोरफडीचा गर घातलेला शाम्पू असो की गुलाबपाण्यातला लेप, परिरक्षकाशिवाय, म्हणजे टिकवणाऱ्या द्रव्याशिवाय, बुरशी आणि जंतूंसाठी मोकळं रान असते. म्हणून उन्हाळ्यात मी सगळं कोरडं ठेवते. रिठा, शिकेकाई, आवळकाठी, थोडा नागरमोथा दळून बरणीत, आणि लागेल तेवढं त्या वेळी भिजवायचं.

पैशांचंही खरं बोलू. कपडे धुण्यासाठी रिठा स्वस्त पडत नाही. साधी धुण्याची वडी रिठ्याला सहज हरवते. अंगाच्या साबणावरचा आणि शाम्पूवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा तिथलंही अंतर आणखी कमी झालं. घरी केलेलं सगळंच स्वस्त असतं हे वाक्य सोडून द्यावं. स्वस्त पडतं ते उटणं, केसांची शिकेकाई, पितळ-तांब्याची घासणी, फरशीचं पाणी. महाग पडतात त्या सुगंधी तेलं आणि परदेशी लोणी घालून केलेल्या वड्या, ज्यांचे व्हिडिओ सगळ्यात जास्त पाहिले जातात.

आता फरशी. जुन्या सोलापुरात, चाळींत, वाड्यांत, पूर्व भागातल्या मागांच्या घरांत अजून शहाबादी आहे. शहाबाद इथून फार लांब नाही, म्हणून ती फरशी आपल्याकडे इतकी आली. ही फरशी चुनखडीच्या दगडाची असते. लिंबाचा ताजा रस तिच्यावर थेंबभर टाका आणि डोळा जवळ नेऊन बघा. बारीक बुडबुडे उठतात, आणि रस पुसल्यावर तिथे फिकट, खरबरीत ठिपका उरतो. आम्ल चुनखडी खातं, आठवीच्या पुस्तकातली गोष्ट. तरीही "व्हिनेगर आणि लिंबाने फरशी चकाचक" हा सल्ला पाहून माझ्या ओळखीच्या तीन घरांनी आपल्या फरशीची तकाकी घालवली आहे. दर आठवड्याला थोडं थोडं, वर्षभरात एक पिढीची फरशी. संडासचं ॲसिड तर याहून कितीतरी जोरकस, ते मोरीतल्या शहाबादीवर सांडलं की खड्डेच पडतात. शहाबादीला हवं ते कोमट पाणी, चमचाभर धुण्याचा सोडा आणि शेवटी कोरडं फडकं. इतकं साधं आहे.

टाइल्सच्या घरांसाठी मात्र आपल्याकडे एक फुकटची वस्तू ढिगाने पडते. उन्हाळ्यात चौकाचौकांत लिंबू-सोड्याच्या गाड्या लागतात, रसवंतीवर लिंबं पिळली जातात, आणि संध्याकाळी सालींची पोती घंटागाडीत जातात. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या डब्यात वर बरीच जागा सोडून, तीन महिने. याला आता बायोएन्झाइम म्हणतात. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्यायचा, नाहीतर डबा फुगून फुटतो, आणि आपल्या उष्णतेत तो लवकर फुगतो. काचेची बाटली तर वापरायचीच नाही. गाळून दहापट पाण्यात घातलं की ओट्याचा तेलकटपणा आणि नळावरचे क्षारांचे डाग चांगले निघतात. पण ते जंतुनाशक नाही. घरात जुलाब-उलट्यांचा रुग्ण असेल तर संडास-मोरी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानेच धुवावी.

आणि ब्लीचिंग पावडर वापरताना हे आंबट पाणी, व्हिनेगर, लिंबू, संडासचं ॲसिड, यांतलं काहीही त्याच जागी पडता कामा नये. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. माझ्या बहिणीच्या घरी हे झालं. बंद मोरी, आधी ॲसिड टाकलेलं, जास्त स्वच्छ व्हावं म्हणून वरून ब्लीचिंग पावडर. ती धावत बाहेर आली तेव्हा तिला श्वास घेता येत नव्हता, पुढे पंधरा दिवस खोकला होता. दोन्ही डब्यांवर इशारा बारीक अक्षरांत होता, आणि तोही तिला न येणाऱ्या भाषेत. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसवणं धोक्याचं नाही, पण त्यात दोघंही एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ खारट पाणी. फसफस दिसते म्हणून काम झालंसं वाटतं.

आमच्या शेजारी एक अक्का आहेत. चाळीस वर्षं विड्या वळतात. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू, बोटांनी भरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना तपकिरी रंग चढला आहे, तो आता त्वचेचाच झाला आहे. भाकरी थापताना वास येतो म्हणून नातू घास नको म्हणतो, हे त्यांनी मला एकदा खाली बघत सांगितलं. आमटीला भिजवलेल्या चिंचेचा चोथा उरतो, त्यात मीठ आणि हरभऱ्याच्या डाळीचं पीठ घालून चोळा, मग साबणाने धुवा, असं मी सांगितलं. वास कमी झाला. त्यांना बरं वाटलं. मग मी उत्साहाने रिठा-शिकेकाईचं सांगायला लागले.

"ते समदं खरं ओ बाई," त्या म्हणाल्या, "पण करू कधी? हजार वळल्याशिवाय दिवस भरत नाही."

मला त्यावर उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. घरी करण्याच्या स्वस्ताईत बाईचा वेळ फुकट धरलेला असतो. रिठे फोडणं, वाटणं, गाळणं, बाटल्या धुणं, आणि बाटल्या धुवायला पुन्हा पाणी. ज्या घरात बाई विड्या वळते, शिलाई करते, मागावर कांड्या भरते, तिथे तो वेळ मजुरीतून कापला जातो. नैसर्गिक राहणीचा आग्रह बहुतेक वेळा अशा घरांतून येतो जिथे भांडी घासायला दुसरं कुणी येतं. ते येणारं कुणी म्हणजे पुष्कळदा अक्कांसारखीच बाई. तिने आपल्या घरी एक रुपयाची शाम्पूची पुडी वापरली म्हणून तिला दोष देणं मला मान्य नाही. पुडीच्या प्लास्टिकला दोष जरूर द्यावा. अनेक थरांचं ते प्लास्टिक कुणी भंगारवाला घेत नाही, गटारात अडकतं. पण तो दोष पुडी विकणाऱ्याकडे जातो. एका वेळी एकाच रुपयाचं परवडणाऱ्या बाईकडे तो जात नाही.

अक्कांच्याच घरातली दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. सुपात उरलेला तंबाखूचा चुरा त्या तव्यावर काळा होईपर्यंत भाजतात, चुरडतात आणि डबीत भरतात. मिश्री. सकाळी आणि दुपारी त्यानेच दात घासतात, आणि आता घासून झाल्यावरही ती तोंडात राहते. मिश्री घरी केलेली आहे, जवळजवळ फुकट आहे, रसायन न घातलेली आहे, झाडाच्या पानाची आहे. घरगुती आणि नैसर्गिक या शब्दांच्या सगळ्या कसोट्यांना ती उतरते, आणि तिने तोंडाचा कर्करोग होतो. धूर न काढता वापरायचा तंबाखू कर्करोग करतो यात वैद्यकशास्त्रात आता शंका उरलेली नाही. माझ्या आजीचा गाल असाच गेला. शेवटच्या महिन्यांत तिला ताकसुद्धा गिळता येत नव्हतं. म्हणून "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे वाक्य कानावर पडलं की मी गप्प बसू शकत नाही. आपल्या शहरात तर ते कुणीही विचार न करता बोलू नये.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हा समज इतरत्रही महागात पडतो. रिठ्याचं पाणी माशांना विषारी असतं, नदीत मासे गुंगवून पकडण्यासाठी ते पूर्वीपासून वापरलं गेलं आहे. तेव्हा रिठ्याने धुणं धुतलं म्हणून ते पाणी सिद्धेश्वर तलावात किंवा संभाजी तलावात सोडायला हरकत नाही, असं होत नाही. ते झाडाच्या आळ्यात पातळ करून घालावं. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात जाऊ नये. लिंबाच्या सालीतली द्रव्यं उन्हाशी मिळून त्वचा भाजतात आणि काळे चट्टे महिनोन् महिने राहतात. माझ्या वर्गात दहावीच्या मुली उजळण्यासाठी म्हणून हे करून यायच्या आणि ओढणीने गाल झाकून बसायच्या. खाण्याचा सोडा चेहऱ्याला, केसांना नको. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सोडा तिचं कवच मोडतो. लवंग-मीठ-हळदीचं मंजन चवीला छान, पण त्यात फ्लोराइड नसतं, त्यामुळे लहान मुलांचे दात किडण्यापासून वाचवायचे तर साधी टूथपेस्टच बरी. आणि हात धुवायला साबणच. शिळ्या भाकरीइतका स्वस्त साबणही जेवणाआधी वापरला तर जेवढे आजार टाळतो, तेवढे कुठलंही उटणं टाळत नाही.

कॉस्टिक घालून घरी साबण करण्याबद्दल मला विचारतात. एक किलो खोबरेलाला साधारण १८० ग्रॅम कॉस्टिक लागतं, मोजमापात थोडी चूक झाली तर वडी कातडी सोलते, आणि वडी सुकायला चार आठवड्यांहून जास्त लागतात. ज्या घरात स्वयंपाकाचा ओटा एकच आहे आणि खाली मुलं खेळतात, तिथे हे करू नये. एवढंच.

पण कॉस्टिकवरून एक गोष्ट आठवते जी सोलापूरने अभिमानाने वापरावी. आपल्याकडे रंगकामाची घरं आहेत, प्रोसेस हाऊस आहेत. तिथे काम केलेल्या माणसाला सोडा ॲश, कॉस्टिक, ब्लीच, टीआरओ (टर्की रेड ऑइल) हे शब्द भाजीच्या नावांसारखे पाठ असतात. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. सूत उकळताना सोडा किती, कुठलं पाणी जड, कुठलं हलकं, कुठल्या पाण्यात रंग फाटतो, हे त्याला दिसतं. निवृत्त झालेली अशी कितीतरी माणसं अशोक चौकाच्या परिसरात संध्याकाळी कट्ट्यावर बसलेली असतात. बचत गटांना शिकवायला पुण्याहून प्रशिक्षक बोलावण्याआधी त्यांना बोलवावं. घराघरांतल्या बायकांकडे शिकेकाईचं ज्ञान आहे, त्यांच्याकडे क्षाराचं. ही दोन ज्ञानं एकाच गल्लीत राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत हे फार जाणवतं. यण्णीमज्जनाच्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक होतो आणि संध्याकाळी घरोघर पांढऱ्याशुभ्र बाराबंद्यांवर तेलाचे डाग येतात. दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वराच्या लग्नसोहळ्याच्या अक्षता असतात, बाराबंदी तर स्वच्छच हवी. माझ्या सासूबाई डागावर हरभऱ्याच्या डाळीचं कोरडं पीठ दाबून ठेवायच्या, पीठ तेल शोषून घ्यायचं, मग पीठ झटकून रिठा चोळायच्या. हळदीचा डाग असेल तर नवी सून घाबरते. साबण लावताच पिवळा डाग लालभडक होतो आणि तिला वाटतं आता कायमचा बसला. अल्कलीने हळदीचा रंग पालटतो, एवढंच झालेलं असतं. धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाकला की डाग उडून जातो, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. ऊन आपल्याकडे भरपूर आहे आणि त्याला पाणी लागत नाही. गाद्या, चादरी, लोकरी, पाटे, लाकडी पोळपाट, लोणच्याच्या बरण्या आपल्या आज्या उन्हात टाकायच्या. आता गच्चीवर टाक्या आणि मोबाईलचे मनोरे आले, भाडेकरूला गच्चीची किल्ली मिळत नाही. नवीन घरकुल योजना आखताना प्रत्येक मजल्याला उन्हाची वाळत घालायची जागा ठेवली तर स्वच्छतेच्या कितीतरी बाटल्या वाचतील.

आता विकण्याबद्दल. दिवाळीच्या आधी बचत गटांच्या प्रदर्शनात उटणं, साबण, केसांचं तेल यांची टेबलं लागतात आणि मी तिथे मुद्दाम खरेदी करते. पण बहुतेक पाकिटांवर केल्याची तारीख नसते, घटक नसतात, आणि "शंभर टक्के नैसर्गिक" मात्र ठळक असतं. अंगाला लावायच्या वस्तू करून विकायच्या तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात, परवाना लागतो. जाहिरातीत नैसर्गिक, शुद्ध, पर्यावरणपूरक असे शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये काढली आहेत. लहान गटांना यातून सूट द्यावी असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. तान्ह्या बाळाच्या अंगाला लागणारं उटणं कुणी केलं, मोठ्या कारखान्याने की गल्लीतल्या गटाने, हे बाळाच्या कातडीला कळत नाही. मसुराच्या पिठात ओल राहिली तर बुरशी दोन्हींकडे धरते.

सूट नको, पण तपासणी हाताशी हवी. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात आणि शहरातल्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राच्या, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत. एखाद्या उटण्याचा सामू किती, त्यात बुरशी किती, रिठ्याचं पाणी आपल्या बोअरच्या पाण्यात किती ग्रॅमला किती फेस देतं, कुठल्या पेठेच्या पाण्याला किती सोडा पुरतो, हे मुलांचे प्रकल्प होऊ शकतात. दरवर्षी विद्यार्थी तेच तेच प्रकल्प उतरवून काढतात. त्यांनी आपल्या घराजवळच्या पाण्याची जडता मोजून पेठवार लिहून काढली, तर ती वही सगळ्या शहराला उपयोगी पडेल. महापालिकेने ती छापून प्रभागात लावावी. लिंबाच्या साली घंटागाडीत वेगळ्या घ्याव्यात आणि प्रभागात एका शेडमध्ये मोठ्या पिंपांतून बायोएन्झाइम करून सार्वजनिक शौचालयांच्या टाइल्सना आणि महापालिकेच्या शाळांना पुरवावं. पिंप एका जागी असलं की रोज झाकण सैल करायला एक माणूस पुरतो, पगारावरचा. घराघरांत पन्नास बायकांनी तेच करण्याची गरज राहत नाही.

अक्कांच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून एवढंच अर्धं उत्तर आहे, की हे काम घरातून काढून गल्लीत आणावं आणि त्याची मजुरी धरावी. आमच्या गल्लीत पाच घरांनी मिळून सुरुवात केली आहे. रिठे घाऊक आणतो, फोडायचं काम पुरुषांचं, दळण गिरणीत, आणि कोरडी पूड डब्यातून मापाने द्यायची, ज्याने त्याने आपली बरणी आणायची. जे पाकिटं भरतात त्यांना तासाचे पैसे वर्गणीतून. पूड बाजारातल्या पुडीपेक्षा थोडी महाग पडते, तेही आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे. त्याच वहीत शेवटच्या पानावर प्रत्येक घराने महिन्याला धुण्याच्या बादल्या मोजून लिहायच्या, असं ठरलं आहे. अक्का पूड नेतात, बादल्या लिहायला नातवाला पाठवतात. मागच्या वेळी तो आला तेव्हा त्याने आकडा लिहिला, आणि मग हळूच विचारलं, आजीच्या डबीतल्या काळ्या पुडीऐवजी दात घासायला तिला काय देऊ. मी त्याला एक ब्रश दिला आणि साधी पेस्ट, आणि येत्या सोमवारी आजीला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन जायचं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. अक्कांना अजून सांगितलेलं नाही.